हेमराजची राखण

माझा धाकटा भाऊ हेमराज घराबाहेर पडायला लागला की शेजाऱ्यांची करमणूक होते. कुलूप लावतो, पायऱ्या उतरतो, परत चढून कुलूप ओढून बघतो. गाडी सुरू करतो, बंद करतो, आत जाऊन गॅसचं बटण तपासतो. मग फाटकापाशी उभा राहून त्याला आठवतं की आत गेलो तेव्हा नळ बघायचा राहिला. मोहगावला आम्ही लहान होतो तेव्हा आमची आई पंचफुलाबाई म्हणायची, "या पोराच्या पोटात देवानं काळजी घालूनच पाठवलं." मी उर्वशी, पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवते, आणि जे वाटतं ते तोंडावर बोलते. मी त्याला सरळ भित्रा म्हणायची.

असल्या माणसानं पोटासाठी काय करावं? तर काळजीच करावी, आणि तेच तो करतो. काही वर्षं पुण्यात नोकरी करून आता सौंसरला घरी बसून त्याचं काम चालतं. संगणक चालवणारी लिनक्स नावाची एक प्रणाली आहे. तिच्यावर जे प्रोग्राम चालतात ते मधूनच मरतात, अडकतात, जागा भरली की धापा टाकतात. त्या सगळ्यांवर नजर ठेवणारा आणखी एक प्रोग्राम असतो. कोणी मेला तर त्याला उठवायचं, अडकला तर सोडवायचं, आणि काहीच जमलं नाही तर माणसाला हाक मारायची. देशोदेशीची माणसं मिळून तो लिहितात, कोणीही फुकट वापरावा, आणि त्यातल्या चुका शोधून दुरुस्त करणाऱ्यांत आमचा हेमराज. त्या प्रोग्रामचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाही. पिकाची राखण करतात तसलंच ते काम, म्हणून मी त्याला राखणच म्हणते.

त्याच्याकडे गेलं की हा आपला खुर्चीत बसून स्वतःलाच विचारत असतो. लाईट गेली तर? नेट गेलं तर? लाईट आली पण नेट आलंच नाही तर? मी म्हणायची, "अरे, आणि आकाश पडलं तर?" तो हसायचा नाही. विचारात पडायचा, आणि मलाच कसंतरी व्हायचं.

माझे यजमान वसंतराव पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये फोरमन आहेत. जिनिंगमध्ये कापसातली सरकी काढतात, रुईच्या गठाणी म्हणजे मोठे गठ्ठे दाबतात, आणि सगळे आगीला भितात. कापसात एखादा खडा येतो, यंत्रात घासून ठिणगी उडते, आणि ती रुईसोबत दाबली गेली तर गठाण आतून धुमसत राहते. बाहेरून पांढरीशुभ्र. दोन दिवसांनी, चार दिवसांनी पेटते. म्हणून आत विडी नाही, काडेपेटी नाही, मोबाईलसुद्धा फाटकावर ठेवून जायचा. हेमराजनं हे ऐकलं आणि त्याची झोप उडाली. त्यानं डब्याएवढा एक छोटा संगणक आणला, त्याला लांब तारा जोडल्या, तारांची टोकं कापसाच्या ढिगांत आणि गठाणींच्या थप्पीत खोचली. आत कुठे तापलं की भोंगा वाजणार. ते तापमान बघणारा प्रोग्राम बंद पडू नये म्हणून त्याच्यावर राखण बसवली. राखण जागी आहे याची खूण म्हणून पेटीवर एक हिरवा दिवा. जिनिंगमध्ये सगळे तिला 'साल्याची पेटी' म्हणायचे, कारण वसंतरावांच्या साल्यानं बसवलेली.

गेल्या हंगामात उंदरानं एक तार कुरतडली आणि भोंगा उगाचच वाजला. गडबडीत चांगल्या कापसाच्या ढिगावर पाणी ओतलं गेलं, ढीग वाया गेला. मालक अतुलशेठ सगळ्यांसमोर वसंतरावांना म्हणाले, "वसंत, अगली बार असं झालं तर ही पेटी बी जाईन अन् तू बी." यजमान घरी आले, पण ताट पुढ्यात तसंच राहिलं. मी हेमराजला फोनवर चांगलंच झापलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सगळ्या तारांना लोखंडी नळ्या घालून गेला.

यंदा पोळ्याच्या सुमारास त्याला एक चिंता लागली होती. कुठल्यातरी थंड देशातल्या एका माणसानं राखणेबद्दल तक्रार लिहून पाठवली होती. म्हातारी आई एकटी राहते, तिच्या खोलीतल्या शेगडीवर लक्ष ठेवायला त्यानं असंच एक यंत्र बसवलं होतं. वीज गेली, परत आली, नेट मात्र आलं नाही. त्यानंतर दिवा हिरवा, पण राखण गप्प. हेमराजनं आपल्या संगणकावर तसंच करून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, त्याच्याकडे काही बिघडेना. शेवटी त्यानं उत्तर लिहिलं की माझ्याकडे असं होत नाही, आणखी तपशील पाठवा. तपशील आले नाहीत. त्यांच्यातल्या रिवाजाप्रमाणे काही आठवडे वाट बघून त्यानं ती तक्रार बंद केली. बंद केल्यावरही जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचा.

"आता काय झालं?" मी विचारायची.

"त्याच्याकडे झालं म्हणतो ना थो. मंग मायाकडे कायले नाही होत?"

"त्याचं यंत्रच खराब असन."

"असं म्हणाले सोपं हाये, ताई."

मग दसरा आला. आमच्याकडे नवमीला जिनिंग बंद होते. यंत्रं धुऊन पुसून घेतात, मेन स्विच खाली ओढतात, आणि दसऱ्याची पूजा होऊन सोनं वाटून झाल्याशिवाय तो कोणी वर करत नाही. यंत्रांनाही वर्षातून एकदा आराम हवा, त्या दिवशी त्यांच्याकडून काम घेणं पाप, असं सगळे मानतात आणि मीही मानते. पूजेला मी ताट घेऊन गेले होते. नत्थूजी म्हणजे तिथले सगळ्यांत जुने फिटर. त्यांनी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि साल्याच्या पेटीलाही विसरले नाहीत. लाईट गेली तरी पेटी चालावी म्हणून हेमराजनं तिला बॅटरी दिली होती. नत्थूजींनी ती बॅटरीही मायेनं काढून बाजूला ठेवली. "वर्षभर डोळे फाडून बसते बिचारी," ते म्हणाले, "तिलेही सुट्टी पायजे ना." सगळे हसले, मीही हसले. किती बरं वाटलं होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी जिनिंग सुरू झाली. शाळेला सुट्टी होती. वसंतराव कामावर गेले, मी स्वयंपाक उरकून हेमराजला फोन लावला. तो सण म्हणून आला नव्हता, त्याबद्दल दोन शब्द ऐकवायचे होते. ऐकवून झाल्यावर गंमत म्हणून पेटीच्या पूजेचं सांगितलं.

त्यानं मला मध्येच तोडलं.

"सुट्टी देली मतलब? बंद केली?"

"हाव. बॅटरीही काढली होती. आज सकाळी लावली ना परत. हे सांगूनच गेले, दिवा हिरवा हाये म्हणून."

"अन् नेट?"

"नेटचा डबा ऑफिसात हाये, थो बंद करून मुनीमजी गेले गावाले. ऑफिसले कुलूप. सोमवारी उघडन."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ताई, भाऊजी कुठं हायेत?"

"कुठं म्हंजे? जिनिंगमध्ये."

"त्याईले बाहेर काढ."

मला संताप आला. पुन्हा तेच. पुन्हा भोंगा, पुन्हा अतुलशेठ, आणि या वेळी नोकरी. मी म्हटलं, "हेमराज, पुरे झालं आता तुझं. दिवा हिरवा हाये."

"ताई, ऐक माझं. त्या पेटीत घड्याळाचा सेल नाही. माझ्या संगणकात हाये, म्हणून माझ्याकडे बिघडत नव्हतं. पेटी उठली की तारीख नेटवरून विचारते. नेट नसलं तर थे धरून चालते का आपण बनलो तीच तारीख हाये. मतलब मागच्या वर्षीचा जानेवारी."

"मंग?"

"राखण मोजते का मागची तपासणी कधी झाली, त्याच्यानंतर एक मिनिटानं पुढची करायची. मागची झाली दसऱ्याले, ऑक्टोबरात. आता तिच्या हिशोबानं जानेवारी हाये. थे ऑक्टोबर यायची वाट पाहून राहिली, ताई. दिवा हिरवा हाये कारण थे जिवंत हाये. पण थे काहीच पाहून नाही राहिली."

गणिताच्या बाईला यात वाद घालायला जागा नव्हती. त्याची भीती मला कधी पटत नसे, पण हे गणित होतं, आणि ते बरोबर होतं.

आणि मग मला दुसरं आठवलं. जेवण झाल्यावर वसंतराव गठाणींच्या मागच्या थप्पीवर चादर टाकून जरा पडतात. तिथे गार वाटतं म्हणतात. पंख्याजवळ पडा म्हणून मी कित्येकदा सांगितलं. ऐकतील तर शपथ. आणि जेवणाची वेळ तर होऊन गेली होती.

फोन करून उपयोग नव्हता, त्यांचा मोबाईल फाटकावर. मी गॅस बंद केला की नाही हेही न बघता स्कुटी काढली. बाजाराच्या रस्त्यावर संत्र्यांच्या गाड्या आडव्या लागलेल्या. एकाला हॉर्न दिला तर म्हणतो, "बाई, कुठं आग लागली का?" मी त्याच्यावर अशी ओरडले की तो बिचारा बाजूलाच झाला. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, पांढरी गठाण आणि तिच्यावर चादर.

फाटकावर वॉचमननं माझा मोबाईल मागितला. मी तो त्याच्या टेबलावर जवळजवळ फेकला आणि आत पळाले. वसंतराव मागच्या थप्पीपाशी चादर झटकत उभे होते. आता पडणारच होते. मी त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं.

"काय झालं वो? बाईले बरं नाही का?" त्यांना वाटलं माझ्या सासूबाईंचं काही.

मी सगळं सांगितलं. ते पेटीकडे गेले. झेंडूचं फूल सुकून तिला चिकटलेलं, आणि दिवा हिरवागार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे पाय. चालू हाये. तुया भावाच्या पायी मी आता जिनिंग बंद नाही करत."

"बंद नका करू. हात तरी लावून पाहा."

आम्ही ढिगांत हात घातले. मी कोपरापर्यंत घातला. सगळे ढीग थंड. नत्थूजी येऊन नाक वर करून वास घेऊन गेले, वास फक्त सरकीचा होता. तिथे कामाला असलेल्या बायका हात थांबवून बघायला लागल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गठाणींवरून हात फिरवला, त्याही गार. दाबून घट्ट केलेल्या गठाणीत हात कसा घालणार?

तेवढ्यात हेमराज पोचला. सौंसरहून गाडी किती जोरात हाणली असेल देव जाणे, केस उभे, शर्ट धुळीनं भरलेला. आणि त्याच्या मागून, नेमके, अतुलशेठ. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वसंतरावांकडे पाहिलं. "वसंत, काय नाटक चालू हाये हे?"

हेमराजला मोठ्या माणसांशी बोलताना त त प प होतं. तेव्हाही झालं. पण तो वाटेतून हलला नाही. "शेठजी, मशीन बंद नका करू. काहीच नका करू. मले फक्त या पेटीले आजची तारीख सांगू द्या. मंग पाहिजे तर काढून फेका."

शेठनी 'कर काय करायचं ते' अशा अर्थानं हात झटकला. हेमराज जमिनीवर मांडी घालून बसला, लॅपटॉपची तार पेटीला जोडली. घाईत त्याची तारीख लिहिताना चुकली, पुसून पुन्हा लिहावी लागली. मी त्याच्या मागे उभी होते. मनातून मला काय हवं होतं तेच कळेना. भोंगा वाजला तर आग, नाही वाजला तर नोकरी.

त्यानं शेवटचं बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग भोंगा वाजला.

अतुलशेठ कानावर हात ठेवून ओरडले, "बंद करो उसको! फिर वोई उंदीर!" पडद्यावर सगळ्या तारांचे आकडे हिरवे होते, एक सोडून. तो लाल होता आणि आमच्या डोळ्यांसमोर वाढत होता. हेमराजनं वर न बघता हात केला, मागच्या थप्पीकडे.

सगळे वसंतरावांकडे बघत होते. शेठनी त्यांना नावानं हाक मारली, इशारा दिल्यासारखी. वसंतरावांनी ती ऐकली आणि गठाणी ओढायचा लोखंडी हुक उचलला. "वरच्या दोन काढा. अन् खालची इथं नका कापू, कोणी हात नका लावू पट्ट्यांले. बाहेर ओढा आधी." चार माणसांनी हातगाडीवरून ती गठाण अंगणात नेली, जिनिंगपासून दूर. तिथे त्यांनी गठाणीला आवळलेली पहिली पट्टी कापली. रुई फुलून वर आली आणि आतून काळी निघाली. वारा लागला तशी त्या काळ्यातून लाल रेघ पळाली आणि भपकन जाळ झाला. पाण्याचे पाईप तयारच होते.

वसंतरावांच्या खांद्यावर ती चादर अजून तशीच होती. दोन गठाणी खाली. रोज जिथे डोकं टेकतात त्याच्या दोन गठाणी खाली. मी तिथेच मातीत बसले आणि रडले, लोकांसमोर, तिथे कामाला असलेल्या माझ्या शाळेतल्या दोन पालकांसमोरसुद्धा.

अतुलशेठ मोठ्या मनाचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी हेमराजच्या पाठीवर हात ठेवला. नत्थूजी तर पेटीपुढे हात जोडून उभे राहिले, म्हणाले, "मायबाई, चुकलो." सगळ्यांना वाटलं, आता हा हसेल, चहा पिईल, छाती फुगवेल. आमचा हेमराज कोपऱ्यात जाऊन पाणी प्यायला आणि ओकला. मी पाठ चोळत होते तेव्हा म्हणाला, "ताई, त्या माणसानं हेच लिहिलं होतं. जसंच्या तसं. मी म्हटलं, माझ्याकडे होत नाही."

त्यानंतर तो आठवडाभर जेवला की नाही मला शंका आहे. राखणेचं ते मोजमापच त्यानं बदललं. आता ती तारखेवर विसंबत नाही, स्वतः उठल्यापासून किती वेळ गेला ते मोजते. आपण घड्याळाकडे न बघता कुकरच्या शिट्ट्या मोजतो, तसं. आणि दिवा नुसता जिवंत असल्याची खूण राहिला नाही. खरोखर तपासणी झाली तरच हिरवा होतो. त्याच्या बरोबरीच्या एका परदेशी माणसानं शंका काढली की वीज, बॅटरी, नेट सगळं एकाच वेळी कोण बंद करतं, असं कितीदा होणार? हेमराजनं त्याला लिहिलं, आमच्याकडे दर दसऱ्याला. दुरुस्ती सगळ्या देशांत गेली.

आणि त्यानं त्या थंड देशातल्या माणसाला लिहिलं. तुमचं बरोबर होतं, माझी चूक झाली, दुरुस्ती झाली आहे, कृपा करून आजच बसवा. शेवटी एक ओळ: तुमच्या आई कशा आहेत?

उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा लिहिलं, तरी नाही. पूर्वी त्याच्या काळजीला मी हसायची. आता रोज संध्याकाळी मीच फोन करायची, नमस्कार-चमत्कार न करता विचारायची, "आलं का रे?" तो म्हणायचा, "नाही." मी म्हणायची, "गावाले गेला असन." तो म्हणायचा, "हाव, तसंच असन." दोघंही खोटं बोलत होतो.

भाऊबीजेला तो आला. पाटावर बसला, टोपी घातली, आणि मोबाईल मांडीवर. एरवी मी तो हिसकावून घेतला असता. ओवाळताना फोन हातात ठेवलेला मला खपत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, तबक उचललं. वसंतराव मागे उभे होते. निरांजन त्याच्या तोंडासमोरून फिरवायला लागले तोच मोबाईल थरथरला.

माझा हात थांबला. तबक तसंच अधांतरी. "पाय आधी," मी म्हटलं.

त्यानं फोन उचलला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, निरांजनाचा उजेड त्याच्या डोळ्यांत हलत होता. त्यानं वाचलं, आणि फोन पुन्हा मांडीवर ठेवला.

"दुसऱ्याच कोणाचं हाये," तो म्हणाला.

मी वात जरा पुढे सारली आणि पुन्हा ओवाळायला घेतलं.